विश्लेषण : पश्चात्तापाची हाक कोण ऐकतो, कोण टाळतो? पेण-रोह्याचा अनुभव काय सांगतो?

भाद्रपदात पेणच्या बाजारपेठेत कुणाचाही मोबाइल हातात घेतला तर एकाच आठवड्यात आलेले दोन प्रकारचे संदेश दिसतात. एक गणपतीच्या शुभेच्छांचा, दुसरा जैन व्यापारी मित्रांकडून आलेला ‘मिच्छामि दुक्कडम्’चा. माझ्या हातून घडलेले वाईट मिथ्या ठरो, असा त्या दोन शब्दांचा अर्थ. पाठवणारा तो दोनशे जणांना एका दमात पाठवतो, घेणारा हात जोडल्याचे चिन्ह टाकून मोकळा होतो. ज्याचे खरोखर नुकसान केले, ज्याच्याशी बोलणे बंद आहे, तो माणूस त्या यादीत असतोच असे नाही. अनेकदा त्याचा नंबर ब्लॉक असतो.

चूक कबूल करा, माघारी फिरा, वागणे बदला, ही हाक जवळपास प्रत्येक धर्मात आहे. संतांनी तिला अनुताप म्हटले, धर्मशास्त्राने प्रायश्चित्त, ज्यू परंपरेने ‘तेशुवा’ म्हणजे परतणे, इस्लामने तौबा. हाक तीच असूनही कधी गावेच्या गावे बदलतात आणि कधी समोर बसलेला एकही माणूस हलत नाही, असे का होते? रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांत या प्रश्नाची बरीच सामग्री सापडते. माणसाचे मन पालटते यावर आयुष्य लावणाऱ्या दोन माणसांचा जन्म इथला, आणि पश्चात्तापाचा एक फार जुना सणही इथलाच.

दारफळणीचा सण म्हणजे काय?

कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शतकानुशतके या किनाऱ्यावर राहिले. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्या गावात राहिले त्या गावाचे नाव आडनाव झाले : पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर. हिब्रू ग्रंथ, प्रार्थनापुस्तके, धर्मगुरू यांच्यापासून ते इतका काळ तुटलेले होते की हिब्रूतले ‘शेमा’ हे एक वचन तेवढे तोंडी उरले होते. तरीही जे थोडे टिकले, त्यात तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवसाचा उपवास होता. जगभरचे ज्यू त्याला योम किप्पुर म्हणतात. कोकणात त्याचे नाव पडले दारफळणीचा सण, म्हणजे दार लावून घेण्याचा सण. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चालीरीती लिहून ठेवल्या.

त्या दिवशी घरातली माणसे स्नान करून पांढरे कपडे घालीत, उपवास धरीत आणि दार लावून आत बसत. कुणाकडे जायचे नाही, कुणाला घरात घ्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. मग दारे उघडायची, गोरगरिबांना दान द्यायचे, शेजारीपाजारी आणि सोयऱ्यांकडे जाऊन यायचे.

गंमत अशी की, प्रायश्चित्ताच्या सणाचा सारा धर्मशास्त्रीय पसारा विसरला गेला, पण दार लावणे विसरले गेले नाही. ग्रंथ नसताना, उपदेशक नसताना, बोलावणारे कुणी नसताना हा समाज शेकडो वर्षे एका ठरलेल्या दिवशी दाराआड बसत राहिला. यात पहिला धडा आहे. हाक पंचांगात बसवली की ती टिकते. आज मूड आहे की नाही, उपदेश चांगला झाला की नाही, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय सगळी आळी एकाच वेळी दार लावते, त्यामुळे ‘याने काय पाप केले असेल?’ अशी नजर एकट्यावर येत नाही. पश्चात्ताप टाळण्याचे सर्वांत मोठे कारण लोकलाज असते, आणि या सणाने लाजेचा काटाच काढून टाकला होता.

हाक कुणाच्या तोंडची?

एकोणिसाव्या शतकात या समाजाला दुसरी हाक आली, ती ख्रिस्ती मिशनऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशनने कोकणात ज्यू मुलांसाठी शाळा काढल्या. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी तर त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता : पश्चात्ताप करा आणि ख्रिस्ताकडे या. बेने इस्रायल मुले शाळेत गेली, अक्षरे शिकली, मराठीत आलेला ‘जुना करार’ वाचू लागली. झाले भलतेच. आपल्याच धर्माची मूळ कथा आपल्याच भाषेत हाती आल्यावर ते अधिक पक्के ज्यू झाले. धर्मांतर करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे त्यांनी हरदासांची कीर्तनपद्धतीही उचलली आणि योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत, टाळ-पेटीच्या साथीने रंगवली.

याला कृतघ्नपणा म्हणणे चूक ठरेल. मिशनऱ्यांनी मागितलेला पश्चात्ताप महागडा होता. त्यात आपली आळी, सोयरीक, आईबापांचे दफनस्थान, सगळे मागे टाकायचे होते. ‘तुम्ही चुकलात’ एवढे सांगणारी हाक माणूस कधी कधी ऐकतो. ‘तुम्ही जे आहात तेच चूक आहे’ असे सांगणारी हाक तो कान बंद करून परत पाठवतो. मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी अपराधभाव आणि शरम यांत केलेला भेद इथे उपयोगी पडतो. मी वाईट काम केले असे वाटणारा माणूस भरपाई करू पाहतो. मी माणूसच वाईट असे वाटणारा लपतो, चिडतो किंवा दोष दुसऱ्यावर ढकलतो. गल्लीतल्या भांडणापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हे रोज दिसते.

योम किप्पुरच्या दुपारी सिनेगॉगमध्ये योनाचे पुस्तक वाचले जाते. योना माशाच्या पोटात गेला एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण गोष्टीतला खरा चमत्कार त्यानंतरचा आहे. परक्या, शत्रूच्या निनवे शहरात हा कोण कुठला माणूस येतो, चाळीस दिवसांत शहर उलथे होईल एवढेच सांगतो. मूळ हिब्रूत जेमतेम पाच शब्द. आणि राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, गुराढोरांनाही गोणपाट नेसवले जाते. सगळे निनवे बदलते, नाराज होतो तो एकटा योना, कारण ज्यांना शिक्षा व्हावी असे त्याला वाटत होते त्यांना क्षमा मिळाली. उपदेश करणाऱ्याला ऐकणाऱ्याचे भले हवे आहे की त्याची फजिती, हे ऐकणाऱ्याला फार लवकर कळते. निनवेला ते कळले नाही हे योनाचे नशीब.

रोह्याच्या पांडुरंगशास्त्रींनी काय वेगळे केले?

पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्याचा. वडील वैजनाथशास्त्रींनी मुंबईत माधवबागेत १९२६ मध्ये गीता पाठशाळा सुरू केली. तिथे मुलाची प्रवचने सुरू झाली आणि पुढे स्वाध्याय परिवार उभा राहिला. १९९६ मध्ये मॅगसेसे, १९९७ मध्ये टेम्पल्टन, १९९९ मध्ये पद्मविभूषण अशी मान्यता ‘दादां’ना मिळाली. पण पुरस्कारांपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्यांनी कोळ्यांना, आगऱ्यांना, शेतमजुरांना घातलेल्या हाकेचे स्वरूप. त्यात ‘तू पापी आहेस’ हे वाक्यच नव्हते. तुझ्यात देव राहतो, तो तुझ्याबरोबर झोपतो, उठतो, जेवतो, एवढे सांगायचे आणि थांबायचे. मग दारूच्या गुत्त्यावर जायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी युक्ती अधिक व्यावहारिक. भक्तिफेरीला निघालेला स्वाध्यायी स्वतःच्या खर्चाने जाई, स्वतःची शिदोरी खाई, गावात पाण्याच्या घोटापलीकडे काही घेत नसे. कोकणातल्या माणसाला पावती फाडायला आलेला, मत मागायला आलेला आणि जमीन बघायला आलेला माणूस लांबून ओळखता येतो. काहीच न मागणारा माणूस घरी येऊन बसला तर आधी संशय येतो आणि तीन-चार वेळा आल्यावर संशय विरघळतो. हाकेवरचा विश्वास हा बहुतेक वेळा हाक मारणाऱ्याच्या खिशावरून ठरतो, आणि लोकांचा हा हिशेब चुकीचा नसतो.

तिसरे म्हणजे हातांना काम. ‘योगेश्वर कृषी’त गावकरी पाळीपाळीने एका सामायिक शेतावर ‘पुजारी’ म्हणून राबत. ‘मत्स्यगंधा’ या सामायिक मालकीच्या होड्यांवर मच्छीमार पाळीने जात आणि मिळालेले उत्पन्न गरजूंना प्रसाद म्हणून दिले जाई. बदललेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी करायला काहीतरी होते. बहुतेक प्रवचनांत इथेच खड्डा असतो. डोळे पुसत माणूस मंडपाबाहेर येतो आणि बाहेर सगळे जिथल्या तिथे असते. तोच नाका, तेच मित्र, तीच देणी.

अर्थात स्वाध्यायातही सगळे आलबेल राहिले नाही. दादांच्या अखेरच्या काळात आणि २००३ मधील त्यांच्या निधनानंतर परिवारात वाद झाले, फुटी पडल्या. ज्या माणसावरच्या विश्वासाने लोक बदलतात, त्याच्यामागे तो विश्वास कुणाच्या नावावर करायचा हे कुणालाच नीट ठरवता येत नाही.

माळ घातली की दारू कशी सुटते?

पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याच्या खेड्यांत कुणी ‘माळ घातली’ असे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. तुळशीची माळ, पंढरीची वारी, मांस-मच्छी बंद, दारू बंद. आगरी-कोळी घरात मासळी सोडणे म्हणजे काय, हे ज्याच्या ताटात रोज मासळी आहे त्यालाच कळेल. तरीही माणसे माळ घालतात आणि पुष्कळजण ती निभावतात.

त्यामागे भक्ती आहेच, पण एक साधी सोयही आहे. लग्नाच्या हळदीत मित्र ग्लास पुढे करतात तेव्हा ‘मला नको’ म्हणणारा चेष्टेचा विषय होतो. ‘माळ आहे’ म्हणणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. दारू सोडणाऱ्याला इच्छाशक्तीपेक्षा अनेकदा मित्रांसमोर मान खाली न घालता नकार देण्याची वाट हवी असते, आणि माळ ती वाट देते. शिवाय ती गळ्यात दिसते. तुटली तर गाव विचारते. बायकोच्या हातात तेवढे एक हत्यार येते, हे तर बोलूनच दाखवायला नको. गटारी अमावास्येला अपरंपार पिऊन श्रावणभर कोरडे राहणारे महाशयही याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच की त्यांच्या संयमाला महिन्याभराची मुदत असते आणि ती संपण्याची तारीख त्यांना तोंडपाठ असते.

गागोद्याचे विनोबा : हाक ऐकली, पण सातबारा?

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत दलितांनी जमीन मागितली, विनोबांनी सभेतच विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. तिथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली. देशभरात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून जाहीर झाली. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात सुमारे वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. हृदयपरिवर्तन होते, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

आणि तरीही त्या जमिनीचा मोठा भाग भूमिहीनांच्या हाती कधी पोचलाच नाही. काही खडकाळ निघाली, काही वादातली, काही दात्याच्या मालकीचीच नव्हती. कुठे मुलांनी नकार दिला, कुठे महसुली कागद हललेच नाहीत. याचा अर्थ सभेत उभे राहिलेले सगळे ढोंगी होते असा नाही. अनवाणी आलेल्या कृश माणसासमोर, सगळ्या गावाच्या देखत, त्या क्षणी त्यांना मनापासून द्यावेसे वाटले असेल. पण तो क्षण संध्याकाळपर्यंतच पुरतो. रात्री घरी हिशेब होतो, आणि सकाळी तलाठ्याकडे जायचे असते. दरोडेखोरांची गोष्ट सोपी होती, कारण बंदूक खाली ठेवली की ठेवली. जमिनीचा पश्चात्ताप सातबाऱ्यावर चढावा लागतो, आणि त्या टप्प्यासाठी भूदानाकडे पुरेशी माणसेच नव्हती. विनोबांच्या नैतिक उंचीवर लिहिणारे याकडे काणाडोळा करतात. टीकाकार उलट सगळी चळवळच भाबडी ठरवतात. चंबळ आणि भूदान शेजारी ठेवून पाहिले तर दोघांचेही अर्धे बरोबर आहे.

ऐकणारे का ऐकत नाहीत?

१९७३ साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतील ४० विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना छोटे भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवले. निम्म्यांचा विषय होता वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाचा दृष्टांत. वाटेत खरोखरच एक माणूस कण्हत पडलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झाला असे सांगितले होते त्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. परोपकाराची गोष्ट घोकत जाणारा भावी धर्मगुरूही घाईत कण्हणाऱ्याला ओलांडून जातो.

सकाळची गाडी पकडून पनवेल-मुंबईला जाणाऱ्या पेणकराला किंवा धाटावच्या कारखान्यात पाळी असलेल्या रोहेकराला यात नवल वाटणार नाही. हाक न ऐकणारे सगळे निगरगट्ट नसतात. पुष्कळांना थांबायला जागाच नसते. दार लावून बसायचा एक दिवस मुद्दाम राखून ठेवणाऱ्या जुन्या लोकांना हे बहुधा ठाऊक होते.

पैशाचा प्रश्न आला की?

२०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि बनावट कर्जखात्यांचा घोटाळा चव्हाट्यावर आला. गणपतीच्या कारखान्यांत राबणाऱ्यांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या, म्हातारपणासाठी ठेवलेल्या ठेवी अडकल्या. मोर्चे, तक्रारी, न्यायालये असा प्रवास सुरू झाला आणि अनेक ठेवीदार पैशाची वाट पाहतच गेले. गेल्या पंधरा वर्षांत पेणमध्ये नवरात्री, सप्ताह, प्रवचने यांची कमतरता नव्हती. पण मंडपातली पश्चात्तापाची हाक बहुतेक वेळा दारू, रागलोभ, आईवडिलांची सेवा यांच्यापुरतीच राहते. लोकांचे पैसे परत करा, असे नाव न घेतादेखील व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते. कारण उघड आहे. वर्गणीच्या पावतीपुस्तकात मोठी रक्कम लिहिणाऱ्याला समोरच्या रांगेत बसवले जाते.

ज्यू परंपरेचा एक नियम इथे फार कडक आहे. देवाविरुद्ध केलेली चूक योम किप्पुरला धुतली जाते. माणसाविरुद्ध केलेली नाही. त्यासाठी त्या माणसाकडेच जायचे, घेतले असेल ते परत द्यायचे, क्षमा मागायची, त्याने नाकारली तर पुन्हा जायचे, तीन वेळा तरी. उपवास हा त्याला पर्याय नाही. अशा नियमात पळवाट कमी, म्हणून तो पाळणारेही कमी. देवाची क्षमा मागणे सोपे असते, कारण देव बिल दाखवत नाही.

लाखोंची गर्दी म्हणजे हाक ऐकली का?

रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. त्याच रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये सुरू केलेली दासबोधाची बैठक आज रायगडच्या खेड्यापाड्यांत रुजली आहे. तिचे बळ लाखोंच्या मेळाव्यात नाही. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, वीस-पंचवीस ओळखीची माणसे सतरंजीवर बसतात आणि न आलेल्याची चौकशी होते, त्यात आहे. तिथे माणूस हळूहळू बदलतो आणि बदलला की शेजाऱ्याला दिसतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्रभूषण देण्याचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ श्रीसदस्यांचा मृत्यू झाला. सकाळपासून शिस्तीत बसून राहिलेली ती माणसे हाक ऐकणारीच होती. त्यांच्या डोक्यावर सावली असावी हे पाहणे आयोजक सरकारचे काम होते. अनुयायांना संयम शिकवणाऱ्या देशात, त्या संयमावर विसंबून राहणाऱ्यांना कुणी प्रायश्चित्त सांगत नाही.

पुढचा दारफळणीचा सण कधी?

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे १९६०च्या दशकात मुख्य धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच, लग्नाच्या संदर्भात, शंका घेतली. या समाजाने धरणी धरली, उपोषणे केली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केल्यावर धर्मपीठाला पाऊल मागे घ्यावे लागले. इतरांना वर्षानुवर्षे ‘परता’ म्हणणाऱ्या पीठाला स्वतः परतायला तीन-चार वर्षे आणि संसदेचा ठराव लागला.

पेण आणि रोहा-अष्टमीत आता मोजकीच ज्यू कुटुंबे उरली आहेत. सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर मुंबई-ठाण्याहून माणसे यावी लागतात. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला योम किप्पुर नेमका दसऱ्याच्या दिवशी आला होता. ज्यू पंचांगातही आपल्यासारखाच अधिक महिना असतो, पण दोन्ही पंचांगांचे अधिक महिने दर वेळी जुळत नाहीत. २०२६ मध्ये हा दिवस २१ सप्टेंबरला, म्हणजे गणेशोत्सवाच्या ऐन मध्यावर येतो. बाहेर आरत्या आणि ढोलताशे चालू असताना पेणमधले एखादे दार दिवसभर बंद दिसले, तर घरात कुणी नाही असे समजू नये.